लाइम, मज्जातंतू आणि अँटीबॉडीचा आकडा

एप्रिल-मे महिन्यात महाराष्ट्रातून अमेरिकेला निघणाऱ्यांत साठी ओलांडलेले आईवडील पुष्कळ असतात. मुलगा किंवा मुलगी न्यू जर्सीत, कनेक्टिकटमध्ये, नाहीतर बोस्टनच्या आसपास. पाच-सहा महिने राहायचं, नातवंडं सांभाळायची, घरामागच्या अंगणात मेथी-कोथिंबीर लावायची, संध्याकाळी झाडीच्या कडेकडेने फिरून यायचं. बीपीच्या गोळ्या, मधुमेहाच्या गोळ्या, प्रवासाचा विमा सगळं बरोबर असतं. गोचिडीबद्दल मात्र त्यांना बहुधा कुणी काही सांगितलेलं नसतं. ईशान्य अमेरिकेत लाइम रोग पसरवणाऱ्या लहान गोचिडी सर्वाधिक चावतात त्या नेमक्या मे ते जुलै या काळात.

कोकणात किंवा देशावर गुराढोरांत वाढलेल्या माणसाला गोचिडीचं अप्रूप नसतं. चावली, ओढून काढली, विषय संपला. ही सवय तिथे महागात पडू शकते. लाइमचा जंतू मज्जासंस्थेपर्यंत पोचला की चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, पाठीतून हातापायांत रात्रभर जाळ उठतो किंवा डोकं इतकं दुखतं की मान वाकवता येत नाही. यावर खात्रीचा उपचार आहे, आणि तो साधा आहे. अडचण येते ती निदानात आणि उपचारानंतर रिपोर्ट वाचण्यात. कारण या आजारात जे दुखतं ते बरंचसं आपल्याच प्रतिकारशक्तीच्या झटापटीमुळे, आणि प्रयोगशाळेत जे मोजलं जातं तेही बहुतेक वेळा आपल्या प्रतिकारशक्तीचं उत्तरच असतं. ही एक गोष्ट नीट कळली तर पुढचे बरेच चुकीचे निर्णय टळतात. म्हणून आधी तीच सविस्तर सांगतो.

पण त्याआधी थोडा इतिहास. लाइम हे कनेक्टिकट राज्यातल्या एका गावाचं नाव. १९७५च्या सुमारास या गावात आणि शेजारच्या वस्त्यांत अनेक मुलांचे गुडघे सुजू लागले. पॉली मरे या आईने घरच्या आणि शेजारच्या आजारांच्या नोंदी चिकाटीने ठेवल्या आणि डॉक्टरांनी दाद दिली नाही तरी पाठपुरावा सोडला नाही. येल विद्यापीठाच्या अॅलन स्टीअर यांनी तपास हाती घेतला. १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर यांना न्यूयॉर्क राज्यातल्या गोचिडींत मळसूत्रासारखा पीळ असलेला जिवाणू दिसला आणि पुढे त्याला त्यांचंच नाव मिळालं : बोरेलिया बर्गडॉर्फेरी. युरोपातल्या मज्जारोगतज्ज्ञांना मात्र या आजाराचा चेहरा त्याआधीच माहीत होता. गोचीड चावल्यानंतर तीव्र वेदना आणि पक्षाघात झाल्याचं वर्णन फ्रान्समध्ये गारँ आणि बुजादू यांनी १९२२ मध्येच केलं होतं, तर जर्मनीत अल्फ्रेड बानवार्थ यांनी १९४१ मध्ये अशा रुग्णांच्या पाठीतल्या पाण्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात हे नोंदवलं. आजही युरोपात या वेदनांना बानवार्थ यांच्या नावानेच ओळखतात. अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर लाइमसाठी उपचार होतात, असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. म्हणजे हा काही दुर्मीळ आजार नव्हे.

शरीर काय करतं

गोचीड कातडीला चिकटते आणि काही दिवस रक्त पीत राहते. तिच्या लाळेत कातडी बधिर करणारे, रक्त गोठू न देणारे आणि आपल्या संरक्षक पेशींना थोपवणारे पदार्थ असतात. म्हणूनच चावा कळत नाही. जंतू तिच्या आतड्यात असतो तेव्हा त्याच्या अंगावर एका प्रकारचं प्रथिन असतं. गरम रक्त आत आलं की तो ते उतरवून दुसरं चढवतो, तिच्या लाळग्रंथीत येतो आणि तिथून आपल्या कातडीत. या स्थलांतराला वेळ लागतो. त्यामुळे अमेरिकेतल्या गोचिडीने २४ तासांच्या आत सोडलं किंवा आपण तिला काढलं, तर संसर्गाची शक्यता फार कमी राहते. युरोपातल्या जातींच्या बाबतीत हा अवधी कमी असू शकतो.

कातडीत शिरल्यावर आपल्या पेशी त्याला ओळखतात आणि तिथे दाह सुरू होतो. अंगावर पसरत जाणारा लाल चट्टा म्हणजे हाच दाह. पण जंतूजवळ युक्त्या आहेत. रक्तातली 'कॉम्प्लिमेंट' नावाची संरक्षक प्रथिनं आपल्या स्वतःच्या पेशींवर हल्ला करू नयेत म्हणून शरीरात एक आवर घालणारं प्रथिन असतं. हा जंतू तेच अंगाला चिकटवून घेतो आणि आपलाच असल्याचं भासवतो. शिवाय पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाचं रूप तो सतत बदलत राहतो. आपलं शरीर एका रूपाविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं, तोवर त्याने दुसरं रूप घेतलेलं असतं. उपचार न झालेल्या रुग्णांपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांमध्ये तो काही आठवड्यांत मज्जासंस्थेपर्यंत पोचतो.

तिथे, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूच्या आवरणात आणि मणक्यातून बाहेर पडणाऱ्या नसांच्या मुळांशी, जे घडतं ते या आजाराचं मर्म आहे. मज्जातंतू थेट नष्ट करेल असं कोणतंही विष हा जंतू तयार करत असल्याचं आढळलेलं नाही. पाठीतल्या पाण्यात तो सापडतोही क्वचित. त्याचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर चाचणी अनेक खऱ्या रुग्णांत निगेटिव्ह येते. पण तिथल्या पेशींना त्याची चाहूल लागताच त्या काही रासायनिक संदेश सोडतात. त्यांतल्या एकाचं नाव सीएक्ससीएल१३. अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना बोलावून घेणं हे त्याचं काम. पेशींची गर्दी होते, प्रथिनं पाझरतात, नसांची मुळं सुजतात. हाडाच्या अरुंद मार्गातून जाणाऱ्या चेहऱ्याच्या नसेला ही सूज सोसत नाही आणि चेहरा वाकडा होतो. छाती-पोटाभोवतीच्या किंवा पायाकडे जाणाऱ्या नसांच्या मुळांशी सूज आली की आग आणि कळा सुरू होतात. गोळा झालेल्या बी पेशी मग तिथल्या तिथेच अँटीबॉडी बनवू लागतात. रक्तातून झिरपून आलेल्या नव्हे, तर खास मज्जासंस्थेच्या आत तयार झालेल्या या अँटीबॉडी पुढे निदानात फार उपयोगी ठरतात.

आता हे लक्षात ठेवून लक्षणांकडे या.

काय दिसलं की सावध व्हायचं

पहिली खूण कातडीवर. चाव्यानंतर ३ ते ३० दिवसांत, बहुधा आठवड्याभरात, १०० पैकी ७०-८० रुग्णांना चट्टा उठतो आणि तो दिवसागणिक पसरत ५ सेंटिमीटरच्या पुढे जातो. तो फारसा खाजत नाही, दुखत नाही. पुस्तकांत छापतात तशी नेमबाजीच्या फळ्यासारखी वर्तुळं अनेकांना दिसतच नाहीत. आणि ती छायाचित्रं बहुतेक गोऱ्या कातडीवरची असतात. आपल्या सावळ्या कातडीवर हाच चट्टा जांभळट, तपकिरी, मार लागल्यासारखा दिसतो किंवा चटकन दिसतही नाही. पाठीवर, गुडघ्यामागे, काखेत असेल तर वयस्कर माणसाच्या तो ध्यानातच येत नाही. म्हणून घरातल्या कुणीतरी चांगल्या उजेडात बघावं आणि फोटो काढून ठेवावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढावा. वाढत जाणारा चट्टा दिसला आणि तुम्ही लाइमच्या प्रदेशात असाल, तर डॉक्टर रक्ततपासणीची वाट न पाहता उपचार सुरू करतात आणि तसंच करणं योग्य आहे. त्या वेळी अँटीबॉडी बहुधा पुरेशा तयारच झालेल्या नसतात. तपासणी निगेटिव्ह येऊ शकते आणि खोटा दिलासा मिळू शकतो.

चट्टा निसटला तर मज्जासंस्थेची लक्षणं पुढच्या काही आठवड्यांत येतात. सर्वांत ठळक लक्षण चेहऱ्याचं. सकाळी चूळ भरताना पाणी एका कोपऱ्यातून गळतं, डोळा मिटत नाही, हसू एकाच बाजूला जातं. आपल्याकडे 'तोंडावरून वारं गेलं' म्हणतात आणि मधुमेह असला तर दोष मधुमेहाला देऊन मोकळे होतात. इथे दोन गोष्टी पाहा. कपाळालाही आठ्या पडत नसतील तर बिघाड चेहऱ्याच्या नसेत असण्याची शक्यता जास्त. मेंदूच्या झटक्यात कपाळ बहुधा शाबूत राहतं. पण ही परीक्षा घरी करत बसू नका. चेहरा अचानक वाकडा झाला की तातडीच्या विभागात जायचंच, झटका आहे की नाही हे त्यांना ठरवू द्या. दुसरी गोष्ट, आधी एक आणि मग दुसरी अशा दोन्ही बाजू लुळ्या पडल्या, तर ज्या थोड्या आजारांचा विचार होतो त्यांत लाइम वरच्या क्रमांकावर आहे.

वेदनांचं लक्षण जास्त फसवं. दोन खांद्यांच्या मधोमध, कमरेत किंवा बरगड्यांभोवती सुरू होणारी, आगीसारखी, रात्री वाढणारी, जागा बदलणारी कळ. साध्या वेदनाशामक गोळीला ती दाद देत नाही. आपल्या लोकांना 'मणक्यात गॅप' किंवा सायटिका हे निदान तोंडपाठ असतं. एमआरआयमध्ये साठीतल्या माणसाच्या मणक्यात काही ना काही झीज सापडतेच आणि शोध तिथेच थांबतो. युरोपात मज्जासंस्थेच्या लाइमचं हेच रूप जास्त आढळतं, कारण तिथे बोरेलियाची वेगळी जात, गारिनी, प्रबळ आहे आणि तिचा ओढा मज्जासंस्थेकडे आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वीडनमध्ये काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे लक्षात ठेवावं. लहान मुलांत चेहऱ्याचा लकवा आणि डोकेदुखी जास्त दिसते. चक्कर, बेशुद्धी किंवा नाडीचा ठोका मंद होणं हे हृदयाला झळ पोचल्याचं लक्षण असू शकतं; अशा वेळी एक तासही थांबू नये.

आपली माणसं थांबतात का, तर खर्चामुळे. परदेशातल्या डॉक्टरचं बिल मुलावर पडेल म्हणून आई दुखणं अंगावर काढते, 'महिन्यावर तर परत जाणं आलंय, तिकडे दाखवू' म्हणते. तिची कळकळ समजते, पण या आजारात तो महिनाच मोलाचा असतो. मुलांनी आईवडिलांना आधीच, विमानतळावरून घरी आणतानाच, सांगून टाकावं की लक्षण लपवायचं नाही.

रिपोर्ट कसा वाचायचा

रक्ताची लाइम तपासणी दोन टप्प्यांत होते. पहिली एलायझा, ती पॉझिटिव्ह किंवा संदिग्ध आली तरच दुसरी, वेस्टर्न ब्लॉट किंवा वेगळ्या पद्धतीची आणखी एक एलायझा. दोन एलायझांची ही पद्धत अमेरिकेत २०१९ पासून मान्य आहे. या तपासण्या जंतू शोधत नाहीत. जंतू भेटल्यावर तुमच्या शरीराने काय बनवलं, ते शोधतात. आयजीएम अँटीबॉडी दोन ते चार आठवड्यांत आणि आयजीजी त्यानंतर, साधारण चार ते सहा आठवड्यांत दिसू लागतात. यातून तीन गोष्टी निघतात. फार लवकर केलेली तपासणी निगेटिव्ह आली म्हणजे लाइम नाही असं होत नाही. लक्षणं टिकली तर काही आठवड्यांनी पुन्हा करावी. लक्षणं सुरू होऊन महिना उलटल्यावर नुसती आयजीएम पॉझिटिव्ह असेल आणि आयजीजी निगेटिव्ह, तर तो निकाल बहुधा खोटा असतो. आणि एलायझा इतर कारणांनीही पॉझिटिव्ह येऊ शकते: सिफिलिस, लेप्टोस्पायरोसिस, काही विषाणूंचे ताप, संधिवाताचे काही प्रकार. पावसाळ्यात लेप्टो होऊन गेलेल्या मुंबई-कोकणातल्या माणसाने ही माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी.

मेंदूच्या आवरणाचा दाह किंवा मज्जारज्जूची शंका असेल, निदान पक्कं होत नसेल, तर पाठीतलं पाणी काढून तपासतात. या तपासणीची आपल्याकडे विनाकारण धास्ती आहे. पाणी काढल्याने कंबर कायमची जाते हा समज चुकीचा. काहींना नंतर एक-दोन दिवस डोकं दुखतं, पडून राहिलं की उतरतं. त्या रिपोर्टमध्ये पाहण्यासारखं काय? लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात, प्रथिनं वाढलेली असतात आणि साखर बहुधा नेहमीइतकीच असते. त्यापुढे अँटीबॉडी इंडेक्स. त्यासाठी रक्त आणि पाठीतलं पाणी एकाच दिवशी घ्यावं लागतं, म्हणजे दोन्हींतल्या अँटीबॉडीची तुलना करून त्या आतच बनताहेत का ते ठरवता येतं. एकाच नमुन्यावर काढलेला निष्कर्ष इथे अपुरा असतो, म्हणून दोन्ही नमुने पाठवले ना, हे नम्रपणे विचारायला हरकत नाही.

काही ठिकाणी, विशेषतः युरोपात, सीएक्ससीएल१३ सुद्धा मोजतात. अँटीबॉडी दिसण्याआधीच तो वाढतो आणि उपचार लागू पडला की झपाट्याने उतरतो. मात्र सिफिलिस मेंदूत पोचला असेल किंवा मेंदूत लिम्फोमा असेल तरी तो वाढतो. एकट्या त्याच्यावर निदान उभं करता येत नाही.

अँटीबॉडीचं वागणं याच्या उलट. जंतू मेल्यावरही त्या रक्तात वर्षानुवर्षं राहतात, पाठीतल्या पाण्यातही राहतात. गोवर होऊन गेलेल्या माणसाच्या रक्तात गोवराच्या अँटीबॉडी असतात म्हणून त्याला कुणी गोवराचा रुग्ण म्हणत नाही. तरीही लाइमचा उपचार पूर्ण झालेला माणूस सहा महिन्यांनी स्वतःच तपासणी करून घेतो, पॉझिटिव्ह पाहून हादरतो आणि आणखी अँटिबायोटिक मागतो. उपचार लागू पडला का, हे लक्षणांवरून आणि तपासणाऱ्या डॉक्टरच्या हातून ठरतं. बरं वाटत असताना अँटीबॉडीची तपासणी पुन्हा करू नका. त्या आकड्याने कोणताही निर्णय बदलत नाही.

औषध आणि त्यानंतर

अमेरिकेतल्या संसर्गरोग, मज्जारोग आणि संधिवात तज्ज्ञांच्या संघटनांनी २०२० मध्ये एकत्र दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार आवरणाचा दाह, चेहऱ्याचा लकवा किंवा नसांच्या मुळांचा दाह यांसाठी तोंडाने डॉक्सिसायक्लिन किंवा शिरेतून सेफ्ट्रियाक्सोनसारखं औषध १४ ते २१ दिवस देतात. नॉर्वेमध्ये झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गोळी आणि इंजेक्शन यांचा परिणाम सारखाच निघाला. तेव्हा 'मेंदूपर्यंत गेलंय तर सलाईनच हवं' हा आग्रह धरू नये. खुद्द मेंदूत किंवा मज्जारज्जूत दाह असेल, जे क्वचितच होतं, तर मात्र शिरेतूनच आणि दोन ते चार आठवडे.

डॉक्सिसायक्लिन घेताना काही पथ्यं कसोशीने पाळायची. पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. कॅल्शियमची, लोहाची गोळी आणि दूध त्याच वेळी घेतलं तर औषध नीट शोषलं जात नाही. आपल्या आया-मावश्यांच्या डब्यात कॅल्शियम असतंच, त्याची वेळ दोन-तीन तास दूर ठेवा. उन्हात कातडी भाजते, म्हणून बाही लांब. गरोदर बाईने आधी सांगायचं. पहिल्या दिवशी काहींना थंडी वाजून ताप चढतो आणि चट्टा जास्त लाल होतो. मरणाऱ्या जंतूंचे अंश सुटल्यावर शरीराने दिलेली ही प्रतिक्रिया असते, दिवसभरात उतरते. अॅलर्जी समजून घाईने औषध बंद करू नका, पण डॉक्टरांना कळवा. श्वास लागला किंवा ओठ सुजले तर मात्र ती अॅलर्जी.

चेहऱ्याच्या लकव्यात सर्वांत जपायचं ते डोळ्याला. पापणी मिटत नसेल तर बुबुळ कोरडं पडून जखम होते आणि ती कायमची राहू शकते. दिवसा दर एक-दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब, बाहेर जाताना चष्मा, रात्री मलम लावून पापणी हलक्या हाताने मिटवायची आणि कागदी चिकटपट्टी आडवी लावायची. डोळा लाल झाला किंवा दुखू लागला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

स्टेरॉइडचा प्रश्न नाजूक आहे. कारण न सापडणाऱ्या चेहऱ्याच्या लकव्यात पहिल्या ७२ तासांत स्टेरॉइड देतात आणि ते फायद्याचं ठरलेलं आहे. लाइममुळे झालेल्या लकव्यात तसा फायदा सिद्ध नाही. एका अभ्यासात तर स्टेरॉइड घेतलेल्यांचा चेहरा काहीसा कमीच सुधारलेला दिसला. २०२०च्या सूचनांनी यावर कौल दिलेला नाही. म्हणून गोळी नाकारायची नाही, पण ती लिहून देत असतानाच विचारायचं : 'मी लाइमच्या भागात राहत होतो, त्या दृष्टीने पाहिलंत का?'

बहुतेक जण बरे होतात. नसेची सूज उतरायला वेळ लागतो, त्यामुळे अँटिबायोटिक संपल्यावरही चेहरा पूर्ववत व्हायला काही आठवडे ते काही महिने जातात. काहींना त्यानंतरही थकवा, अंगदुखी, एकाग्रता न होणं हा त्रास उरतो. हा त्रास खरा आहे, मनाचा खेळ नाही. त्यामागे काय चालतं यावर संशोधन चालू आहे. सांध्यांच्या बाबतीत २०१९ मध्ये दिसलं की उपचारानंतरही जंतूच्या भिंतीचे तुकडे सांध्याच्या पाण्यात उरतात आणि दाह चालू ठेवतात. जंतू संपल्यावरही प्रतिक्रिया चालू राहू शकते, हे यातून कळतं. पण म्हणून महिनोन्‌महिने अँटिबायोटिक घ्यायची का? अमेरिकेत झालेल्या (२००१ मध्ये प्रसिद्ध) आणि नेदरलँड्समध्ये झालेल्या (२०१६ मध्ये प्रसिद्ध) नीट आखलेल्या चाचण्यांत लांबवलेल्या औषधाने रुग्णांना जास्त बरं वाटलं नाही. उलट शिरेतल्या नळीला जंतुसंसर्ग, पित्ताशयात खडे, आतड्याचे गंभीर जुलाब हे धोके पदरात पडतात. हताश माणसाला महागड्या दीर्घ उपचारांचं आश्वासन देणारी ठिकाणं परदेशात आहेत. त्यांच्यापासून दूर राहा, असं मी स्पष्टच सांगेन. झोप, हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम, फिजिओथेरपी, नसांच्या वेदनेवरची नेमकी औषधं, आणि थायरॉइड, बी१२, मधुमेह यांची तपासणी यांतून पुष्कळ फरक पडतो.

आणखी एक कळकळीचं. 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणून नातेवाईक काढे सुचवतील. मज्जासंस्थेच्या लाइममध्ये प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती तिथे जोरातच असते. त्रास त्या दाहाचा आहे. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. सेफ्ट्रियाक्सोन चालू असताना यकृतावर आणखी भार नको.

एकदा लाइम झाला म्हणून पुन्हा होत नाही, असंही नाही. शरीर एका वाणाविरुद्ध तयार झालेलं असतं, पुढची गोचीड दुसरा वाण घेऊन येते. गोचिडीच्या आतड्यातच जंतूला गाठणाऱ्या अँटीबॉडी तयार करणारी लस अमेरिकेत १९९८ मध्ये आली होती. खप घटला, दुष्परिणामांच्या शंका पसरल्या आणि २००२ मध्ये कंपनीने ती मागे घेतली. जर्मनी-ऑस्ट्रियात गोचिडीची म्हणून जी लस मिळते ती एका विषाणूजन्य मेंदूज्वरावर आहे. ती जरूर घ्यावी, पण लाइमवर तिचा काही उपयोग नाही.

त्यामुळे अंग तपासणं हाच मोठा उपाय. झाडी, उंच गवत, पालापाचोळा इथून आल्यावर दोन तासांच्या आत अंघोळ. कपडे आधी ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर दहा मिनिटं फिरवायचे. बागेत चपला घालून जाऊ नये. बूट, मोजे, आणि सलवारीचे किंवा पँटचे पाय मोज्यांत. डीईईटी किंवा पिकारिडिन असलेला फवारा उघड्या अंगावर, परमेथ्रिन फक्त कपड्यांना. मग पाहायचं ते गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, बेंबीत, कानामागे, केसांच्या मुळाशी, स्त्रियांनी स्तनांखाली. लहान गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते. सावळ्या कातडीवर नजरेने निसटते, बोट फिरवलं तर लागते.

सापडली तर टोकदार चिमटा कातडीला अगदी चिकटवून तिला तोंडाजवळ धरायचं आणि सरळ वर, एकसारखा ताण देत ओढायचं. पिळायचं नाही, झटका द्यायचा नाही, पोट दाबायचं नाही. रॉकेल, तेल, चुना, विझवलेली काडी यांतलं काहीही नको, त्याने ती आणखी लाळ आत सोडू शकते. तोंडाचा कण आत राहिला तर खणत बसू नका. जागा साबणाने धुवा, गोचीड झिपच्या पिशवीत घालून तारीख लिहा. ती लाइमच्या जातीची असेल, ३६ तासांहून जास्त चिकटलेली असेल आणि काढून ७२ तास झाले नसतील, तर डॉक्टर डॉक्सिसायक्लिनचा २०० मिलिग्रॅमचा एकच डोस देऊ शकतात.

परत आल्यावर

भारतात लाइमच्या तुरळक नोंदी आहेत, पण इथल्या डॉक्टरच्या मनात तो पहिल्या दहांतही नसतो, आणि त्यात त्यांची चूक नाही. सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याकडे आणि गोव्यात सत्तरीत गोचिडींतून माकडताप होतो; तो विषाणूचा आजार, अँटिबायोटिकने बरा न होणारा. त्याची आणि लाइमची गल्लत नको. खरी अडचण वेगळीच आहे. पाठीतल्या पाण्यात लिम्फोसाइट वाढलेले दिसले की इथे सर्वांत आधी क्षयाचा विचार होतो, तो व्हायलाच हवा, कारण क्षयाचा मेंदूज्वर जीवघेणा आहे. पण रुग्ण ऑगस्टपर्यंत पेनसिल्व्हेनियात होता हे डॉक्टरांना कुणी सांगितलंच नाही, तर क्षयाची महिनोन्‌महिने चालणारी औषधं आणि सोबत स्टेरॉइड सुरू होतात, आणि तीन आठवड्यांत बरा होणारा आजार तसाच राहतो.

म्हणून परतताना तिथले सगळे कागद, दिलेल्या औषधांची नावं, डोस, तारखा आणि चट्ट्याचे फोटो एका फाइलमध्ये बरोबर आणा. परतल्यानंतर वर्षभरात चेहऱ्याचा लकवा, न उतरणारी डोकेदुखी किंवा नसांची रात्रीची आग सुरू झाली, तर मज्जारोगतज्ज्ञांसमोर पहिलं वाक्य हेच असू द्या की अमुक महिन्यांत मी अमुक राज्यात होतो, तिथे लाइम आहे, आणि गोचीड चावल्याचं मला आठवत असो वा नसो, कृपया त्याचा विचार करा.